बिडाचा ओंडका आणि नळ्यांची शिंगे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका कारखान्याच्या पडवीत, लेथवरून उतरलेल्या लोखंडी किसाचा ढीग आणि चहाचे रिकामे पेले यांच्या मध्ये मांडलेल्या एका लाकडी बाकावर, गेल्या पावसाळ्यात मी तीन वस्तू ओळीने ठेवलेल्या पाहिल्या. आणि या तिन्ही एकाच कामाच्या आहेत असे मला कोणी आधी सांगितले नसते, तर त्यांतील पहिली पाणीखात्याने मोडीत काढलेला एखादा नळ आहे, दुसरी मेंढ्याची शिंगे पाहून कोणा हौशी तांबटाने घडविलेली शोभेची चीज आहे आणि तिसरी अद्याप पुरी व्हावयाची असून ती काय होणार हे तिच्या कर्त्यासही ठाऊक नाही, असे समजून मी पुढे गेलो असतो. पहिली बिडाची होती. बोजड, खरबरीत, इंजिनाच्या अंगास चार तोंडे आणि पोटाशी एक चौकोनी भोक असलेली. दुसरीत स्टेनलेस पोलादाच्या चार समान लांबीच्या नळ्या आधी बाहेर फाकून, मग वर चढून, अखेरीस माथ्यावर एकवटल्या होत्या. तिसरीत चार आखूड नळ्या दोन-दोनच्या जोडीने एकत्र आणून वेल्डिंगच्या नुसत्या टाक्यांनी धरून ठेवल्या होत्या. तिन्हींचे नाव मात्र एकच : टर्बोचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड.

माझा भाचा गेली दोन वर्षे एका जुन्या मोटारीचे चार सिलिंडरांचे, सोळा झडपांचे, सुमारे १३०० घनसेंटिमीटरांचे पेट्रोल इंजिन शर्यतीसाठी नव्याने बांधीत आहे. त्यास टर्बो बसवावयाचा हे ठरले, टर्बो विकत आणलाही गेला, परंतु तो इंजिनाशी कोणत्या नळीने जोडावयाचा या एका प्रश्नापाशी भाचा आणि मिस्त्री यांचे बिनसून काम तीन महिने तटले. आणि मला त्यातले काही कळते म्हणून नव्हे, तर तंटा तोडावयास घरचे वडील मनुष्य हजर असावे या जुन्या रिवाजानुसार मला बोलावणे आले. वाचकांपैकी कायद्याचे जाणकार असतील त्यांच्या समाधानासाठी येथेच नमूद करतो की, उत्पादकाने नोंदविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मोटारीत करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे ५२ वे कलम मुभा देत नाही, ही गोष्ट भाच्यास पूर्ण ठाऊक आहे. त्याची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चाकांनी उतरत नाही, ती ट्रेलरवर चढून शर्यतीच्या बंदिस्त मैदानात जाते आणि तशीच परत येते.

इंधनाच्या ज्वलनातून जी उष्णता निर्माण होते तिचा सुमारे तिसरा हिस्सा जळक्या वायूबरोबर सायलेन्सरवाटे निघून जातो, आणि या बुडीत खात्यातून काही वसुली करता येईल काय, या विचारातून टर्बोचा जन्म झाला. त्या वायूच्या मार्गात एक पात्यांचे चक्र ठेवावयाचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास एक पंखा बसवावयाचा, आणि त्या पंख्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबावयाची, म्हणजे तितक्याच आकारमानाच्या इंजिनात अधिक हवा, म्हणून अधिक इंधन, म्हणून अधिक शक्ती. स्वित्झर्लंडमधील विंटरटूर या गावचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. परंतु कल्पना सुचणे आणि ती इंजिनावर नांदणे यांत वीस वर्षांचे अंतर पडले, आणि ते अंतर ज्या एका कोड्याने पाडले ते कोडे चक्राच्या पात्यांइतकेच सिलिंडरांपासून चक्रापर्यंत जाणाऱ्या नळ्यांचेही होते. म्हणजे आमच्या बाकावरच्या तंट्याचे मूळ शंभर वर्षे जुने आहे.

ते कोडे असे. सिलिंडरातून वायू बाहेर पडतो तो नदीसारखा अखंड वाहत नाही, तो एकेक धक्क्याने येतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास ६००० फेरे घेत असेल, तर मॅनिफोल्डमध्ये सेकंदास २०० धक्के येऊन आदळतात, प्रत्येक दोन धक्क्यांमध्ये ५ मिलिसेकंदांचे अंतर असते, आणि सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापलेल्या वायूतून तो धक्का सेकंदास साडेसहाशे मीटरांहून किंचित अधिक वेगाने, म्हणजे साध्या हवेतील ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धावतो. आता ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा असल्यास पहिल्या सिलिंडरापाठोपाठ तिसऱ्याचा उत्सर्ग, १८० अंशांच्या अंतराने, येतो. पण उत्सर्गाची झडप उघडी राहते ती मात्र सुमारे २४० अंश. परिणाम असा की, पहिल्या सिलिंडरातला उरलासुरला जळका वायू बाहेर लोटला जात असून त्याची आत येणाऱ्या हवेची झडपही उघडू लागली आहे, नेमक्या अशा नाजूक वेळी तिसऱ्या सिलिंडराची झडप उघडून त्यातला ताजा, सर्वांत जोराचा धक्का सामायिक नळीत शिरतो, आणि वाट मोकळी मिळाल्यास पहिल्या सिलिंडरातच मागे फिरतो. एका घरातली माणसे दारातून बाहेर पडत असता शेजारघरची वरात त्याच दारातून आत घुसावी, तशातला हा प्रकार. मागे राहिलेला जळका वायू नव्या भरतीची जागा अडवितो, तिला तापवितो, आणि पेट्रोलचे इंजिन असेल तर ठोके पडण्यास निमंत्रण देतो.

ब्यूखी यांनी १९२५ साली यावर तोडगा काढला तो मोठा साधा होता. ज्या सिलिंडरांचे उत्सर्ग एकमेकांच्या अंगावर येत नाहीत अशांचेच गट करावयाचे, प्रत्येक गटास स्वतंत्र, अरुंद नळी द्यावयाची, आणि ती नळी थेट चक्राच्या तोंडापर्यंत वेगळीच राखावयाची, म्हणजे धक्क्याचा जोर वाया न जाता पात्यांवर पडतो, आणि दोन धक्क्यांमधल्या उसंतीत नळीतला दाब उतरून सिलिंडर स्वच्छ होण्यास अवसर मिळतो. त्याच सुमारास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनांची शक्ती टर्बोमुळे १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली, आणि जे वीस वर्षे कागदावर होते ते समुद्रावर सिद्ध झाले.

आमच्याकडे खानदेशात आणि नाशिकच्या बागलाणात, पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी, फड पद्धतीने पाणी वाटण्याची जी जुनी वहिवाट आहे तिचे मला या ठिकाणी वारंवार स्मरण होत असे. बंधारा एक, पाट एक, शेतकरी अनेक. पण कोणाची चारी केव्हा उघडावयाची हे पाटकऱ्याच्या पाळीने ठरलेले असते, आणि दोन शेजाऱ्यांनी एकाच घटकेस बारे मोडले तर पाटात पाणी भरपूर असूनही दोघांची पिके अर्धीच भिजतात. चार सिलिंडरांच्या इंजिनाची पाळी पाहिली तर पहिला आणि चौथा यांच्यात ३६० अंशांचे अंतर आहे, दुसरा आणि तिसरा यांच्यातही तितकेच. २४० अंश उघड्या राहणाऱ्या झडपेस ही उसंत पुरून उरते. म्हणून १ व ४ यांची एक जोडी, २ व ३ यांची दुसरी, आणि दोन्ही जोड्या दोन कप्प्यांच्या टर्बोत, ज्यास बाजारात ट्विन-स्क्रोल म्हणतात, आणून सोडावयाच्या, हा चार सिलिंडरांपुरता शास्त्रशुद्ध निवाडा झाला. मित्सुबिशीने १९९६ साली लान्सर इव्होल्यूशनच्या चौथ्या आवृत्तीत हेच केले. सरळ सहा सिलिंडरांच्या इंजिनात पुढचे तीन आणि मागचे तीन असे गट आपोआप २४० अंशांच्या पाळीवर येतात, म्हणून निसानने १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आर या मोटारीत प्रत्येक त्रिकुटास एकेक लहान टर्बो देऊन टाकला. तीन सिलिंडरांच्या इंजिनास तर गटच पाडावे लागत नाहीत. ते जन्मतःच समजूतदार आहे.

भाच्याचा हट्ट दुसऱ्या वस्तूसाठी होता, त्या शिंगांसाठी. समान लांबीच्या नळ्यांविषयी मोटारवेड्या तरुणांच्या मनात जी भक्ती आढळते ती मला बऱ्याच अंशी नेत्रसुखातून आलेली वाटते, आणि हे म्हणण्याचे धाडस मी एका साध्या त्रैराशिकाच्या बळावर करीत आहे. दोन नळ्यांच्या लांबीत १५ सेंटिमीटरांचा फरक आहे असे धरा; साडेसहाशे मीटर वेगाने जाणाऱ्या धक्क्यास तो फरक ओलांडण्यास पाव मिलिसेकंदाहूनही कमी काळ लागतो, आणि ६००० फेऱ्यांवर तेवढ्या काळात इंजिनाचा दांडा जेमतेम ८ अंश फिरतो. धक्क्यांमधले मूळ अंतर १८० अंशांचे, त्यात ८ अंशांची घालमेल. आणि हे ८ अंश वाचविण्यासाठी आखूड नळीसही लांब नळीच्या बरोबरीने वळसे घालावयास लावावयाचे, म्हणजे नळ्यांचा पृष्ठभाग वाढला, त्यावाटे उष्णता गेली, पोकळीचे घनफळ वाढले, ती पोकळी दाबाने भरण्यास अधिक वायू आणि अधिक वेळ लागला, आणि पाय दाबल्यावर टर्बो जागा होण्यास जो विलंब होतो तो आणखी लांबला. समान लांबीस अर्थ नाही असे मी म्हणत नाही. इंजिन सदैव वरच्या फेऱ्यांतच राहणार असेल, टर्बो मोठा असेल, आणि प्रत्येक सिलिंडरात सारखीच भरती व्हावी म्हणून शेवटचा एक टक्काही मोजावयाचा असेल, तर लांब आणि सम नळ्या आपली किंमत वसूल करून देतात. परंतु नळ्या नुसत्या सम असून पाळी चुकलेली असेल, तर ते घड्याळ अचूक लावून चुकीच्या दिवशी लग्नास जाण्यासारखे आहे.

विषमतेची किंमत कानांस कशी गोड लागू शकते याचे उदाहरण सुबारूच्या आडव्या इंजिनाने दिले आहे. त्याचा क्रम १-३-२-४, आणि एका बाजूस १ व ३, दुसऱ्या बाजूस २ व ४. म्हणजे प्रत्येक बाजूचे दोन शेजारी पाठोपाठ उसळणारे, आणि टर्बो एकाच अंगास असल्याने दुसऱ्या अंगाच्या वायूस इंजिनाखालून वळसा घालून यावे लागते. त्यातून जो लंगडा, घुमणारा, खोल आवाज निघतो त्यावर जगभरच्या रसिकांनी जीव टाकला. आणि पुढे जपानी बाजारातील काही आवृत्त्यांत कंपनीने नळ्या सम करून त्या दोन कप्प्यांच्या टर्बोस जोडल्या, तेव्हा गाडी खालच्या फेऱ्यांत अधिक तत्पर झाली, पण आवाज गेला म्हणून हळहळणारेच फार निघाले. दोष दुरुस्त झाल्याचे दुःख मानणारा प्राणी पृथ्वीवर मनुष्य हा एकच असावा.

आता त्या बिडाच्या ओंडक्याविषयी. इंग्रजीत त्यास ‘लॉग’च म्हणतात, आणि हे नाव ठेवणाऱ्याच्या मनात आदर नव्हता हे उघड आहे. एक सरळ आडवी पोकळ तुळई, तीत चार आखूड तोंडांनी चार सिलिंडर रिकामे होतात, आणि जेथे जागा मिळेल तेथे टर्बो चिकटविलेला असतो. त्याचे दोष उघडेवाघडे आहेत : चारही धक्के एकाच खोलीत कोंडले जातात, टर्बोच्या तोंडाजवळच्या सिलिंडरास एक न्याय आणि टोकाच्या सिलिंडरास दुसरा, आणि वायूस काटकोनात वळावे लागते. परंतु त्याचे गुण ध्यानात घेण्याची तसदी कोणी घेत नाही. तो आखूड आहे, म्हणून त्याची पोकळी लहान आणि टर्बो लवकर जागा होतो. तो जाड आहे, म्हणून टर्बोचे पाच-सहा किलोंचे ओझे कुरकुर न करता पेलतो. त्यात जोड नाहीत, म्हणून फुटावयास जागा थोडी. आणि साचा एकदा तयार झाला की ओतशाळेतून तो स्वस्तात निघतो. कारखान्यातून बाहेर पडलेल्या असंख्य मोटारी, ट्रक आणि ट्रॅक्टर यांच्या इंजिनांवर याच जातीची मॅनिफोल्डे लाखो किलोमीटर मुकाट्याने जळत आली आहेत.

जहाजांच्या मोठ्या इंजिनांचा पुढील इतिहास तर ओंडक्याच्या पक्षास चांगलाच पुरावा देतो. ब्यूखी यांच्या धक्क्यांच्या पद्धतीने अर्धशतक गाजविल्यानंतर, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, दोन फटक्यांच्या प्रचंड सागरी डिझेल इंजिनांत धक्क्यांऐवजी स्थिर दाबाची पद्धत रूढ झाली. म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा वायू एका भल्यामोठ्या टाकीसारख्या नळात सोडावयाचा, तेथे तो शांत होऊ द्यावयाचा, आणि मग अखंड, संथ प्रवाहाने चक्रावर न्यावयाचा. टर्बोची कार्यक्षमता तोवर इतकी वाढली होती की स्थिर प्रवाहावर चालणारे चक्रच अधिक हिशेबी ठरू लागले, आणि इंधनाची किंमत चढल्यामुळे हिशेबास महत्त्व आले. मात्र जहाज दिवसचे दिवस एकाच गतीने चालते, आणि मोटारीचा चालक दर वळणावर पाय उचलून पुन्हा दाबतो. पहिल्यास भांडाराचा सोस परवडतो, दुसऱ्यास हातावर पोट असल्यासारखे प्रत्येक धक्क्याचे रोख पैसे हवे असतात. म्हणून मॅनिफोल्ड निवडणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो नळीविषयी नव्हे, इंजिनाच्या दिनचर्येविषयी. भाच्याची शर्यत मातीच्या, वळणावळणाच्या, आखूड मार्गावरची. त्याच्या इंजिनाचा निम्मा वेळ ३००० ते ५००० फेऱ्यांत जाणार. एवढे कबूल केल्यावर शिंगांचा पक्ष निम्मा खचला, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

या पक्षाचा उरलेला निम्मा भाग धातूने खचविला. पेट्रोल इंजिनाचा जळका वायू भर भारावर ९०० ते १००० अंशांवर असतो, डिझेलचा त्याहून दीडदोनशे अंशांनी थंड; आणि ज्या अॅल्युमिनियमच्या माथ्यास मॅनिफोल्ड जखडलेले असते तो पाण्याच्या कृपेने शंभर अंशांच्या आसपास बसलेला असतो. मॅनिफोल्ड वाढू पाहते आणि माथा त्यास धरून ठेवतो. ४० सेंटिमीटरांची स्टेनलेस पोलादाची लांबी ७५० अंशांनी तापली तर सुमारे साडेपाच मिलिमीटर वाढते, बिडाची तीनचार मिलिमीटर. ही वाढ कोठे तरी सामावली पाहिजे, आणि न सामावल्यास जेथे अनेक नळ्या एकत्र वेल्ड केलेल्या असतात त्या सांध्याशी, म्हणजे सर्वांत तापलेल्या आणि सर्वांत जखडलेल्या ठिकाणी, केसाएवढी रेघ उमटते. जाणते कारागीर म्हणून फ्लँजची टोकाकडील भोके लांबट करतात, वेल्डिंग संपल्यावर फ्लँज दोन तोंडांच्या मध्ये करवतीने तोडून मोकळी करतात, आणि टर्बोस खालून स्वतंत्र टेकू देतात. भाच्याच्या मागच्या गाडीस एका कारखान्याने, ज्याचे नाव घेण्यात आता अर्थ नाही, पातळ नळ्यांचे देखणे मॅनिफोल्ड करून दिले होते. टेकू मात्र दिला नव्हता. पहिल्या हंगामातच ते चौथ्या नळीच्या मुळाशी तडकले, आणि तडीतून सुटलेल्या झोताने जवळच्या तारांचे आवरण वितळविले.

धातूंच्या निवडीची कथाही ऐकण्यासारखी आहे. साधे बीड या तापमानास टिकत नाही. त्यात सुमारे चार टक्के सिलिकॉन आणि थोडे मॉलिब्डेनम घालून मॅनिफोल्डांसाठी वेगळे बीड ओततात, आणि त्याहून कठीण प्रसंगी पस्तीस टक्क्यांच्या आसपास निकेल असलेले. नळ्यांच्या कामी सर्वत्र मिळणारे ३०४ क्रमांकाचे स्टेनलेस सुमारे ४५० ते ८५० अंशांच्या टापूत दीर्घकाळ राहिले की त्यातले क्रोमियम कार्बनशी संधान बांधून कणांच्या सीमांवर जमते, आणि त्या सीमा दुबळ्या होतात. ३२१ क्रमांकात टायटॅनियम घालून हा फितूर आधीच मोडलेला असतो. वेल्ड करताना नळीच्या आतही आर्गॉन वायू भरून ठेवावा लागतो. तो न भरल्यास आतल्या अंगास धातू जळून साखरेच्या दाण्यांसारखा खरबरीत होतो, आणि हे दाणे पुढे सुटून टर्बोच्या पात्यांवर गेले म्हणजे काय होते ते सांगावयास नको. मिस्त्रींचा कल मात्र वाफेच्या कामासाठी मिळणाऱ्या जाड पोलादी एल्बोंकडे होता. सव्वा इंची नळ, बाहेरून ४२ मिलिमीटरांचा, आणि जाडी साडेतीन मिलिमीटरांची. वजन वाढेल, गंज चढेल, पण वेल्ड खोलवर बसेल आणि फुटले तर कोणत्याही गावी कोणीही सांधून देईल, असा त्यांचा युक्तिवाद.

“मामा, गॅसला काय डोळं नसत्यात,” शिंगांवरून हात फिरवीत ते मला म्हणाले, “त्याला वाट दावायची, आरसा नव्हं.”

जागेचा प्रश्न कागदावर क्षुद्र दिसतो आणि गाडीपाशी उभे राहिल्यावर सगळ्यांहून श्रेष्ठ ठरतो. टर्बोच्या दांड्यास वंगण देणारे तेल वरून दाबाने येते, पण परत जाते ते केवळ स्वतःच्या वजनाने, म्हणून टर्बो तेलाच्या टाकीच्या पातळीहून पुरेसा वर हवा आणि परतीची नळी रुंद व उतरती हवी. फार खाली टांगलेला टर्बो तेलात बुडून धूर ओकू लागतो. वर चढवावा तर बॉनेट लागते, आणि ब्रेकचा मुख्य सिलिंडर भाजतो. बाजूस न्यावा तर स्टीअरिंगचा दांडा आडवा. शिंगे बसवून पाहिली तेव्हा टर्बो बॉनेटच्या पत्र्यास बोटभर टेकत होता. पत्र्यास भोक पाडण्याची भाच्याची तयारी होती, माझी नव्हती.

दाब मर्यादेत ठेवणाऱ्या वेस्टगेटचे मिस्त्रींनी जे वर्णन केले ते मात्र मला फार आवडले. त्यांनी त्यास सरळ सांडवा म्हटले. धरण भरल्यावर जादा पाणी जसे सांडव्यावरून सोडावयाचे, तसा टर्बोस नको असलेला वायू या झडपेने बाजूला काढावयाचा. परंतु सांडवा प्रवाहाच्या तोंडावर हवा, चारही सिलिंडरांचा वायू ज्या ठिकाणी एकत्र येतो तेथे, आणि तिरक्या, सौम्य वळणाने. धावत्या वायूस काटकोनातल्या भोकाकडे वळविणे कठीण. मग झडप पूर्ण उघडी असतानाही दाब वर वर चढत राहतो, आणि चढता चढता इंजिन फोडतो. दोन जोड्या वेगळ्या राखावयाच्या तर सांडवेही दोन लागतात, नाही तर सांडव्याच्या वाटेने त्या दोघी पुन्हा एक होतात. म्हणजे शास्त्रशुद्धतेचा खर्च सांडव्यापाशी दुप्पट झाला.

नळ्यांच्या मांडणीने इतिहास बदलल्याचा एक दाखला भाच्यास पाठ आहे, तो देतो. रेनोने १९७७ साली सिल्व्हरस्टोन येथे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत दीड लिटरच्या व्ही-६ इंजिनावर एकच मोठा टर्बो लावून गाडी उतरविली. ती धूर सोडीत वारंवार बंद पडे, म्हणून इंग्रज लोक तिला पिवळी किटली म्हणत. दोन्ही बाजूंच्या सहा नळ्या एकाच चक्रापाशी आणावयाच्या म्हणजे वाट लांब आणि चक्र जड. पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंत वळण संपलेले असे. १९७९ साली मोनाकोपासून कंपनीने दोन लहान टर्बो लावले, प्रत्येक बाजूच्या तीन सिलिंडरांस एक, आखूड नळ्यांचा. आणि त्याच वर्षीच्या जुलैत दिजाँ येथे जाँ-पिएर जाबुई यांनी फ्रान्सची शर्यत जिंकली. टर्बोच्या इंजिनाचा फॉर्म्युला वनमधला हा पहिला विजय.

अलीकडे कारखानदारांनी या सगळ्या तंट्याचा निकाल आपापल्या परीने लावून टाकला आहे. बीएमडब्ल्यूने व्ही-८ इंजिनाच्या दोन बाजूंमधल्या खोबणीत टर्बो बसवून, २००९ पासून आपल्या एम गाड्यांत, एका बाजूच्या नळ्या दुसऱ्या बाजूच्या नळ्यांशी ओलांडून जोडल्या, केवळ धक्क्यांची पाळी सम साधावी म्हणून. उलट फोर्डचे एक लिटरचे तीन सिलिंडरांचे इकोबूस्ट इंजिन, जे २०१३ साली इकोस्पोर्टमधून आपल्याकडे आले, त्यात मॅनिफोल्ड असा वेगळा अवयवच नाही. तो इंजिनाच्या माथ्यात ओतलेला, भोवती पाणी खेळविलेला. इंजिन लवकर तापते, वायू थोडा निवतो, सांधा नाही म्हणून गळती नाही. निवड करणाऱ्यास मात्र तेथे काही उरत नाही, आणि असे झाले तर उद्यमनगरातल्या पडवीतले बाक कशासाठी, ही शंका माझ्या मनात आली ती मी मिस्त्रींपाशी बोललो नाही.

निवाडा असा झाला. टर्बो लहान आणि एकाच कप्प्याचा होता, आणि या मापाचा दोन कप्प्यांचा टर्बो हुडकण्यात हंगाम गेला असता. म्हणून जोड्यांचा पुरा लाभ मिळणार नाही हे मान्य करून, तिसरी वस्तू पुरी करावयाची, परंतु जाड पोलादी एल्बोंची. १ व ४, २ व ३ अशा जोड्या फ्लँजच्या तोंडापर्यंत एका पडद्याने वेगळ्या ठेवावयाच्या, सांडवा एकच, पडद्याच्या पलीकडे, प्रवाहाच्या तोंडावर. आणि टर्बोखाली टेकू, याबाबत कोणाचीही हरकत ऐकावयाची नाही. ओंडक्याची आखूड पोकळी आणि जाडी राहिली, त्यातला काटकोन तेवढा गेला. शुद्धतावाद्यास हे पसंत पडणार नाही; मला पडले. बिडाचा ओंडका गास्केटच्या जोडासह गाडीच्या डिकीत शर्यतीस सोबत न्यावयाचा ठरला. शिंगे पडवीच्या भिंतीवर, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरशेजारी, खिळ्यास टांगली आहेत.

गणपतीनंतर एका रात्री इंजिन प्रथम भारावर चालविले, तेव्हा मिस्त्रींनी दिवे मालविण्यास सांगितले. पाच-सहा मिनिटांत अंधारात आधी सांधा, मग दोन्ही मधल्या नळ्या, आणि शेवटी टोकाच्या नळ्या तांबूस होत गेल्या; भाचा डोळ्यांवर ताण देऊन चौघींचा रंग ताडून पाहत होता. पहिली किंचित फिकट होती. इंजिन बंद करून दिवे लागले, तेव्हा स्टीअरिंगचा दांडा आणि दुसरी नळी यांच्यात सकाळी थंड असता मोजून ठेवलेले १२ मिलिमीटरांचे अंतर मिस्त्रींनी पुन्हा मोजले. पट्टी ८ वर थांबली. त्यांनी त्या जागी खडूने एक फुली काढली, भाच्याकडे पत्र्याचा तुकडा मागितला, आणि तो नळीच्या अंगाने वाकवून पाहू लागले.